आमच्या दवाखान्याचा ६२.५ केव्हीएचा जनरेटर: दापोलीच्या पावसात वापरून

मार्च २०२१ मध्ये आम्ही दवाखान्यासाठी ६२.५ केव्हीए क्षमतेचा सायलेंट डिझेल जनरेटर घेतला. यंत्र उत्तम निघालं. विकणाऱ्याचा सल्ला मात्र निम्मा चुकीचा होता आणि डीलरकडून मिळालेली सर्व्हिस बेताची होती. आज हा जनरेटर ज्या भरवशाने चालू होतो, त्याचं श्रेय खेडच्या एका मेस्त्रींना आणि आमच्या ऑपरेटरला आहे. दवाखाना, लॉज, आइस फॅक्टरी, काजूचा कारखाना, ज्याला ज्याला कोकणात जनरेटर घ्यायचाय त्याच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितेय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे किर्लोस्कर, कमिन्स, महिंद्रा, अशोक लेलँड या सगळ्यांचे सेट दिसतात. या आकारात मूळ बांधणी सगळ्यांची सारखीच: मिनिटाला १५०० फेरे घेणारं इंजिन, त्याला जोडलेला, वीज तयार करणारा अल्टरनेटर, कंट्रोल पॅनेल आणि वर कॅनोपी, म्हणजे आवाज अडवणारी पेटी. नाव लिहिलं की सगळी चर्चा नावाभोवती फिरते. मला त्यापेक्षा जनरेटर आपल्या दारात आल्यानंतर काय होतं, ते सांगायचंय.

आमचं प्रसूतिगृह आहे, सोबत लहानमोठ्या शस्त्रक्रिया. नवरा डॉक्टर; माणसं, बिलं आणि यंत्रं माझ्याकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत पोफळी, माड, आंबे आडवे झाले, विजेचे खांब लोळले. कित्येक गावांत लाईट यायला आठवडेच्या आठवडे गेले. आमच्याकडे तेव्हा जुना, उघडा सेट होता. तो चालला, पण त्या दिवसांत वॉर्मरवर ठेवलेल्या बाळाकडे बघताना कान सारखे मागच्या शेडकडे असायचे. नवीन घ्यायचं तेव्हाच ठरलं.

किती केव्हीएचा घ्यायचा

विकायला आलेल्या माणसाने बिल्डिंग बघितली, एसी मोजले आणि १२५ केव्हीए लिहून दिलं. "मॅडम, हॉस्पिटल आहे, मोठाच घ्या, पुढे वाढलात तरी चिंता नाही." आम्ही आमच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन यादी केली. थिएटरचे दिवे, भूल द्यायचं यंत्र, कॉटरी, सक्शन आणि तिथला एसी. उपकरणं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह. दोन वॉर्मर, फोटोथेरपी. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. साडेसात एचपीची लिफ्ट, पाच एचपीचा बोअरचा पंप. लसींचा फ्रीज, लॅब, एक्स-रे, खोल्यांमधले पंखे-दिवे-एसी. सगळ्याची बेरीज ४८ किलोवॅटच्या आसपास गेली. पण हे सगळं एकाच वेळी कधीच चालत नाही. क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर ऐन गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष लोड २५ ते २८ किलोवॅटच होता.

६२.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा भाग) ५० किलोवॅट, ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजवर साधारण ८७ अँपिअर. आमच्यासाठी पुरेसा. ४० केव्हीएचा, म्हणजे ३२ किलोवॅटचाही विचार केला होता. चालत्या लोडला तो पुरला असता, पण मोटर थेट चालू होताना चालत्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि एक्स-रे तर क्षणात मोठा झटका देतो. थिएटरमध्ये काम चालू असताना लिफ्ट सुरू झाली आणि व्होल्टेज पडलं, असं आम्हाला चालणार नव्हतं. म्हणून ६२.५. घेण्याआधी यादी करा आणि मीटर लावून खरा लोड मोजा, हे मी कोणालाही आधी सांगेन. दवाखान्याची उंची बघून केव्हीए ठरत नाही.

मोठा जनरेटर, थोडा लोड

या लिहिण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. राखीव यंत्र म्हणून घेतलेला जनरेटर बहुतेकांकडे एक तर बंद असतो, नाही तर रिकामा चालतो. दोन्हीने तो खराब होतो.

डिझेल इंजिनाला नीट जळण्यासाठी उष्णता लागते आणि उष्णता लोडमधून येते. क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या खाली बराच वेळ चालवलं की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या लायनरवर नीट दाबल्या जात नाहीत, डिझेल अर्धवट जळतं. न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. पुढे सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं, चिकट तेल गळायला लागतं, धूर वाढतो, ताकद उतरते. लोकांना वाटतं इंजिनाचं ऑइल गळतंय. ओळखीच्या एका लॉजवाल्यांचा मोठा सेट असाच बघितला. वर्षभरात तास मोजकेच झालेले, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली काळी धार. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, चार दिवे आणि एक फ्रीज एवढ्यासाठी तो रात्र रात्र फिरायचा. आम्ही १२५ चा घेतला असता तर आमच्या रात्रीच्या लोडवर तीच गत झाली असती.

६२.५ घेऊनसुद्धा रात्रीचा प्रश्न राहतोच. रात्री आमचा लोड आठ किलोवॅटपर्यंत उतरतो, म्हणजे १६ टक्के. यावर मेस्त्रींनी साधा उपाय सांगितला, "ताई, याला काम द्या." तेव्हापासून रात्री लाईट गेली आणि लवकर येण्याचं चिन्ह नसलं, की बोअरचा पंप आणि ऑटोक्लेव्ह जनरेटरवर उरकून घेतो. टाक्या भरतात, सकाळच्या ट्रे तयार होतात आणि इंजिनाला तासभर तरी बरा लोड मिळतो. लांबलेल्या रात्रीनंतर सकाळी सगळे विभाग चालू असताना त्याला थोडा वेळ भरलेला चालू देतो.

आठवड्याची चाचणीसुद्धा आम्ही लोडवर घेतो. अनेक ठिकाणी ऑपरेटर सोमवारी बटण दाबतो, पाच मिनिटं इंजिन फिरतं, बंद करतो आणि वहीत "ओके" लिहितो. असं पाच मिनिटं थंड इंजिन फिरवून उपयोग काहीच होत नाही, उलट बॅटरी जेवढी उतरली तेवढी भरूनही येत नाही. आमच्याकडे ठरलेल्या दिवशी, थिएटर मोकळं असताना, सिस्टर इनचार्जला सांगून मेन लाईनचा ब्रेकर पाडतो. खरीच लाईट गेल्यासारखं होतं. एएमएफ पॅनेलने आपणहून इंजिन चालू करायला हवं, दहा-पंधरा सेकंदांत लोड घ्यायला हवा. अर्धा तास खऱ्या लोडवर चालवायचं, तापमान वर आलेलं बघायचं, मग मेन परत द्यायचं. लोड सुटल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं रिकामं फिरून थंड होतं आणि बंद होतं. त्या दहा-पंधरा सेकंदांसाठी थिएटर आणि वॉर्मर यूपीएसवर आहेत. जनरेटर कितीही चांगला असला तरी ती फट त्याला भरता येत नाही, हे दवाखानेवाल्यांनी लक्षात ठेवा.

तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा, १६ आणि १७ मे २०२१ ला, सेट घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. करोनाची दुसरी लाट चालू होती, कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस फिरत होते. त्या दोन दिवसांत सेटने एकदाही दगा दिला नाही. फ्रिक्वेन्सी बघत मी पॅनेलसमोर कितीतरी वेळ उभी होते. रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या जवळ, लोड घेतल्यावर ५० ला स्थिर. लिफ्ट सुरू झाली की क्षणभर खाली आणि लगेच जागेवर. यंत्राला पूर्ण गुण द्यायचे ते यासाठी.

सर्व्हिस: एक कागदावरची, एक खरी

डीलरकडून वर्षाचा मेंटेनन्सचा करार घेतला होता. त्यांचा माणूस यायचा, कॅनोपी उघडायचा, फडक्याने पुसायचा, छापील फॉर्मवर सगळीकडे बरोबरची खूण करून माझी सही घ्यायचा. "बॅटरी ओके" लिहिलेलं, पण मीटर पिशवीतून निघालेला नसायचा. "कूलंट ओके" लिहिलेलं, पण रेडिएटरची कॅप उघडलेली नसायची. ऑइल आणि फिल्टर मात्र वेळेवर बदलले, ते खरं. वर्ष संपल्यावर करार वाढवला नाही. वॉरंटीतली कामं डीलरकडून आणि बाकीचं खेडच्या मेस्त्रींकडून, असं ठरवलं. ऑइल-फिल्टरची बिलं आणि तासांची नोंद जपून ठेवली, म्हणजे वॉरंटीचा वाद नको.

मेस्त्री पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी इंजिन चालूच केलं नाही. बॅटरीचे टर्मिनल सोडवले. वरून स्वच्छ दिसत होते, आत लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या तुकड्याच्या, खाली पांढरट-हिरवी भुकटी. हर्णैचा समुद्र जवळ, हवेत मीठ. गरम पाण्याने धुऊन, पुसून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. मग मीटर लावून मला बोलावलं. नुसत्या उभ्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट दाखवले. "हे बघून लोक खूश होतात. आता सेल्फ मारताना बघा." इंजिन पेटू न देता सेल्फ मारला, आकडा खाली गेला आणि १०.४ ला थांबला. तो साडेनऊच्या खाली जायला लागला, तर बॅटरी उभी असताना कितीही चांगली दिसो, ऐन पावसात ती फसवणार. चार्जर मेनवर कायम चालू आहे का, तो साडेतेरा व्होल्टच्या आसपास देतोय का, हेही बघितलं. पाच लाखांचं यंत्र लाईट गेल्यावर चालू होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण बॅटरी असते, नाही तर तिची सैल वायर.

दुसरी गोष्ट डिझेलची. मेस्त्रींनी वॉटर सेपरेटरचा खालचा नळ उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढलं आणि बाटली खिडकीत ठेवली. चहा होईपर्यंत बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी वेगळं झालं होतं, मध्ये एक गढूळ पट्टा. आमच्या पंपाचं डिझेल खराब नव्हतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली, की कोकणच्या दमट हवेत आतल्या पत्र्यावर रात्री दव धरतं आणि ते खाली उतरतं. पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते, फिल्टर चोंदतो, पाणी पुढे गेलं तर पंप आणि नोझल जातात, आणि त्यांचा खर्च हजारांवर थांबत नाही. तेव्हापासून नियम असा: मे अखेरीस टाकी काठोकाठ, वापरलं की लगेच भरायचं, दर आठवड्याला सेपरेटरचं पाणी काढायचं आणि वर्षापेक्षा जुनं डिझेल टाकीत राहू द्यायचं नाही. वादळाच्या दिवसांसाठी बॅरलमध्ये थोडा साठा ठेवतो. बाहेरचा साठा करायचा तर त्यालाही कायद्याची मर्यादा आहे. डिझेल एका जागी २५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १००० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, त्यापुढे परवाना लागतो.

बाकीची तपासणी त्यांनी भराभर केली. पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल झालाय का बघितलं. फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झोडपू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट लायनरमध्ये जाते, हे ऑपरेटरला दोनदा सांगितलं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायचं नाही, कंपनीने सांगितलेलं कूलंटच. आणि गरम इंजिनाची कॅप कोणत्याही घाईत उघडायची नाही. पावसाळ्याआधी अल्टरनेटरच्या वाइंडिंगला मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावतात, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) सोडवून. सेट दमट जागी बंद पडून राहिला तर वाइंडिंग ओल धरतं. रीडिंग एक मेगओमच्या वर हवंच, आमचं खूप वर असतं. कॅनोपीत पाली, उंदीर शिरू नयेत म्हणून केबलच्या भोकांना जाळी बसवून घेतली. उंदरांनी सेन्सरची वायर कुरतडली तर पॅनेल काहीही एरर दाखवतं आणि माणूस इंजिनात दोष शोधत बसतो.

बसवताना बघायच्या गोष्टी

बसवणाऱ्या कंत्राटदाराने एक्झॉस्टचा पाइप मागच्या वॉर्डच्या खिडकीच्या उंचीवर सोडला होता. तो मी तिथल्या तिथे बदलायला लावला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे: इमारतीच्या उंचीच्या वर केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. ६२.५ ला ते साधारण १.६ मीटर येतं, म्हणजे गच्चीच्याही वर. पाइप लांबला की त्याचा व्यास वाढवावा लागतो, नाही तर इंजिनाला श्वास कोंडल्यासारखं होतं. आणि वरच्या तोंडाला झाकण हवंच. आपल्या पावसात उघड्या पाइपातून पाणी सायलेन्सरमध्ये आणि तिथून इंजिनात जातं. कॅनोपीबाहेर एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत असायला हवा, आमचा आहे. पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणींना त्रास होत नाही. रेडिएटरची गरम हवा ज्या बाजूने निघते तिथे भिंत नको, तीच हवा परत आत ओढली जाते.

अर्थिंगचं मात्र आपल्याकडे जपून. चार खड्डे हवेत, दोन न्यूट्रलला आणि दोन बॉडीला. जांभ्यात अर्थ मिळायला फार कष्ट पडतात, दगड पाणी धरत नाही. आमचे खड्डे खोल घेतले आणि एप्रिल-मेमध्ये त्यात नियमाने पाणी ओततो. पैसे वाचवायला कोणी दोन खड्डे कमी करत असेल तर करू देऊ नका. विद्युत निरीक्षकांकडची कागदपत्रं बसवणाऱ्याकडूनच पूर्ण करून घ्या आणि शेवटचा हप्ता तोपर्यंत देऊ नका.

खर्च

आम्हाला सेट, पॅनेल आणि बसवणं मिळून साडेपाच लाखांच्या वर पडलं. चालवायचा खर्च जास्त बोलतो. २५ किलोवॅटच्या आसपास लोड असताना तासाला आठ लिटर डिझेल जातं, म्हणजे लिटरमागे तीन युनिट. लिटर ९० रुपये धरलं तरी नुसत्या डिझेलचे युनिटला तीस रुपये. रात्रीच्या आठ किलोवॅटला मात्र तासाला चार लिटर जातात, लिटरमागे दोनच युनिट. थोडा लोड इंजिनाला वाईट आणि खिशालाही. तीन फेजवर लोड सारखा वाटून घेतल्यावर आमच्या सेटचा आवाजसुद्धा बदलला. आधी सगळे एसी एकाच फेजवर होते.

ऑपरेटर

मी जनरेटरला पाचपैकी साडेचार देईन, पण आमच्या ऑपरेटरला पाच. त्याच्याकडे एक वही आहे: तारीख, तासांचा आकडा, ऑइल प्रेशर, तापमान, व्होल्टेज, तिन्ही फेजचे अँपिअर, किती डिझेल घातलं. चालू करण्याआधी डिपस्टिक, कूलंट आणि खाली काही गळलंय का, ही त्याची सवय आहे. त्या वहीत मागे एकदा दिसलं की तापमान रोजच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर जातंय. रेडिएटरच्या जाळीवर पाला आणि धूळ बसली होती, धुतल्यावर आकडा जागेवर आला. वही नसती तर ते इंजिन ट्रिप होऊन आपोआप बंद पडल्यावर कळलं असतं, आणि तेव्हा थिएटरमध्ये कोण असतं कोण जाणे.

दुसरीकडे बघितलेली एक गोष्ट मला अजून सहन होत नाही. सेट गरम होऊन सारखा बंद पडतो म्हणून तापमानाच्या सेन्सरची वायर काढून ठेवलेली. ऑइल प्रेशर आणि तापमानाचे ट्रिप ही इंजिनाची शेवटची राखण आहे. त्यांना गप्प करून चालवलेलं इंजिन जाम होतं आणि त्याचं ओव्हरहॉलिंग नव्या सेटच्या निम्म्यात जातं. आमच्याकडे ट्रिपला हात लावायची परवानगी कोणालाच नाही. ट्रिप झाला तर कारण सापडेपर्यंत तो बंद राहील, तोवर गंभीर पेशंट हलवायची व्यवस्था ठरलेली आहे.

आता घेणाऱ्यांसाठी

आमचा सेट सीपीसीबी-२ चा, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आधीच्या निकषांचा आहे. १ जुलै २०२३ पासून नवीन सेट सीपीसीबी-४+ या कडक निकषांनुसार येतात. धूर खूपच कमी, आणि ते चांगलंच आहे. पण इंजिनावर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल जास्त असतो, मोठ्या सेटना एक्झॉस्टसाठी युरियाचं द्रावणही लागतं आणि दोष शोधायला लॅपटॉप जोडावा लागतो. आमच्या मेस्त्रींच्या हातात कसब आहे, लॅपटॉप नाही. तेव्हा डीलरला किमतीआधी हे विचारा: पावसात, रात्री, रस्त्यावर झाड पडलेलं असताना लॅपटॉप घेऊन माझ्या गावी कोण येणार, तो कुठे राहतो, आणि सेन्सर, फिल्टर, बेल्ट त्याच्याकडे तयार असतात की पुण्याहून मागवावे लागतात? उत्तर कागदावर, नाव-नंबरासकट घ्या, आणि त्या माणसाला सेट बसवायच्या दिवशीच बोलावून जागा दाखवून ठेवा.